बोर्ड नसलेलं गॅरेज आणि आमची 78 ची फियाट

हे गॅरेज मोबाइलच्या नकाशावर सापडत नाही, म्हणून पत्त्यापासूनच सुरुवात करतो. दारव्ह्याहून कारंज्याच्या रस्त्याला लागा. वस्ती संपत आली की बाभळीखाली एक अँबेसेडर दिसेल, चाकं काढलेली, विटांवर टेकवलेली. तिच्या टपावर हमखास एखादी कोंबडी असते. तिथं वळायचं. बोर्ड नाही. होता म्हणे, पण एका उन्हाळ्यात वावधनात उडाला आणि शेजारच्या वावरात सापडला. गॅरेजवाल्या चाचांनी तो परत टांगला नाही. जमिनीवर पसरला आणि त्यावर पाठ टेकून गाडीखाली सरकायला घेतला. अजूनही तोच वापरतात. "ऑटो" एवढीच अक्षरं आता वाचता येतात.

चाचांचं वय सत्तरीच्या पुढं. तरुणपणी ते मुंबईत कुर्ल्याला टॅक्सीच्या गॅरेजात होते, त्यामुळं फियाट म्हटलं की त्यांचा हात आपोआप पान्याकडं जातो. मदतीला एक नातू आहे. त्याचं लक्ष मोबाइलमध्ये जास्त, पण पोराचा हात चांगला आहे.

माझं गावात कृषी केंद्र आहे, घरची चौदा एकर शेती आहे आणि जुन्या गाड्यांचा नाद आहे. तिन्हीत पैसे जातात. यायचा भरवसा फक्त पहिल्यात.

आमची गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, 1978 ची. आमच्याकडं तिला पद्मिनी कुणीच म्हणत नाही, सगळे फियाटच म्हणतात, आणि ते चूकही नाही. इटलीच्या फियाट 1100 चंच हे कुर्ल्यात घडलेलं रूप. 1964 ला ती डिलाइट होती, 1972 ला प्रेसिडेंट झाली आणि 1974 पासून तिला चितोडच्या राणीचं नाव मिळालं. तीनदा बारसं झालं, पण इंजिन तेच, 1089 सीसीचं, आणि गिअरचा दांडाही तसाच स्टेअरिंगला चिकटलेला. त्याआधीच्या फुगीर नाकाच्या मॉडेलला लोक डुक्कर फियाट म्हणायचे. तशी एक चाचांच्या शेडमागं तुरीच्या कुट्टीत अर्धी बुडालेली आहे. किंमत विचारली तर चाचा ऐकू न आल्यासारखं करतात.

बाबांनी ही गाडी 1985 ला यवतमाळच्या एका डॉक्टरांकडून घेतली, दोन सालच्या कापसाचे चुकारे एकत्र करून. नव्या गाडीला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबण्याचा तो काळ, त्यामुळं सात वर्षं वापरलेली गाडीही घरी आली तेव्हा आईनं औक्षण केलं, नारळ फोडला. पुढची सीट सलग, बाकासारखी. गिअर खाली नसल्यामुळं मधे एक पोरगं आरामात बसायचं, आणि ते पोरगं म्हणजे मी. पोळ्याला बैलं सजली की उरलेली बेगड बाबा फियाटच्या बॉनेटला चिकटवायचे. बैलानंतर तिलाही पुरणपोळीचा घास. गावातले लोक हसायचे, बाबांना काही वाटायचं नाही.

आता मुद्द्याचं. 1986 च्या मे महिन्यात आम्ही नऊ जण तिच्यात बसून दिग्रसला लग्नाला निघालो. वाटेत ती तीनदा थांबली. आधी घुटमळायची, मग झटके द्यायची आणि बंद. बाबा बॉनेट उघडून खांद्यावरचा दुपट्टा पाण्यात भिजवायचे आणि पेट्रोलच्या पंपावर गुंडाळायचे. आईच्या मांडीवर सुरई होती. त्यातलं पाणी पंपाला, माणसांनी तहान मारायची. पंधरा-वीस मिनिटांनी गाडी अशी सुरू व्हायची की जसं काही झालंच नाही. आम्ही पोचलो तेव्हा मंगलाष्टकं संपून पंगत बसली होती. मामा बाबांशी नंतर दोन वर्षं नीट बोलले नाहीत.

यात गाडीचा दोष थोडा आणि आमच्या उन्हाचा जास्त. पंप इंजिनाला चिकटून असतो. बाहेर 45 डिग्री, आत इंजिनाची भट्टी, मग पेट्रोल नळीतच उकळतं आणि त्याची वाफ होते. पंपाच्या आतला पडदा पातळ पेट्रोल ओढू शकतो, वाफ नाही. ती नुसती दबते आणि पुन्हा फुगते. पेट्रोलात हवा मिसळून इंजिनाला देणारा कार्बोरेटर कोरडा पडला की गाडी मेली. थंड झालं की वाफेचं पुन्हा पेट्रोल. बाबांना हे कुणी समजावून सांगितलं नव्हतं, दुपट्ट्याचा उपाय मात्र त्यांचा बरोबर होता.

बाबा 2009 ला गेले. गाडी बारा वर्षं गोठ्यात उभी राहिली. उंदरांनी वायरिंग खाल्लं, कोंबड्यांनी मागच्या सीटवर अंडी घातली. 2021 च्या दिवाळीनंतर मनानं घेतलं आणि ती नागपूरला एका मोठ्या ठिकाणी नेली. नाव घेत नाही. एसीचं ऑफिस होतं, भिंतीवर जुन्या गाड्यांचे फोटो, कॉफी मशीनची. सात महिने आणि 3 लाख 40 हजार रुपये लागले. परत आली ती लालभडक चकाकत. बाबांचा मळकट पांढरा रंग गेला. दरवाज्याच्या त्रिकोणी काचा काढून तिथं एक सलग काच बसवली होती, "मॉडर्न लुक" म्हणे. अहो, त्या त्रिकोणी काचा वळवल्या की वारा सरळ छातीवर यायचा. विदर्भात त्या गाडीचा खरा एसी तोच होता! मूळ सोलेक्स कार्बोरेटर जाऊन कुठल्यातरी छोट्या गाडीचा लागला होता. आणि पुढच्या मे महिन्यात, घरापासून तीस किलोमीटरवर, गाडी घुटमळली, झटके दिले आणि बंद पडली. मी बॉनेट उघडलं. दुपट्टा काही जवळ नव्हता.

चाचांकडं पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. मला चालवायला सांगितलं आणि शेजारी बसले, एक हात डॅशबोर्डवर ठेवून, डोळे मिटून. मला वाटलं झोपले. परत आलो तर शेडच्या भिंतीवर खडूनं लिहायला लागले. आधी काय करायचं नाही ते लिहिलं. "गिअरबॉक्स बरा हाय, खोलाचा नाई. डिफरन्शियल बरा हाय. क्लचले हात लावाचा नाई." मी म्हटलं, चाचा, एवढं सगळं उघडतोच आहोत तर तेही बघून घेऊ. ते म्हणाले, "काहून? त्यानं तुमाले काई म्हटलं काय?"

पंचतारांकित ठिकाणी सात महिने गाडी ठेवली, तिथं एकानंही मला असं काही सांगितलं नव्हतं. तिथं यादी फक्त वाढत गेली. मी या गॅरेजला पैकीच्या पैकी मार्क देतो ते त्या भिंतीवरच्या पहिल्या तीन ओळींसाठी.

मग भिंतीवरच्या यादीचा खालचा भाग, म्हणजे करायची कामं. टाकी उतरवून आत रॉकेल आणि साखळीचे तुकडे टाकले, नातवानं ती दोन दिवस हलवली, तांबडं पाणी निघत राहिलं. रेडिएटर उघडून नळ्यांतला गाळ काढायला रॉड मारला. चाळीसच्या वर गेलं की स्टेअरिंग थरथरायचं, तर किंगपिन, म्हणजे पुढची चाकं ज्यांच्यावर वळतात ते खिळे, झिजलेले निघाले. त्यांचे बुश कारंज्याच्या लेथवाल्याकडून करून आणले. सोलेक्स कार्बोरेटर चाचांनी स्वतःच्या ढिगातून शोधला, रॉकेलात रात्रभर भिजवला आणि सकाळी त्याचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोट्या, तोंडानं फुंकून साफ केले. नातू तार घालायला गेला तर हातावर फटका बसला. जेटचं भोक केसाएवढं असतं, तारेनं ते रुंदावलं की गाडी आयुष्यभर जास्त पेट्रोल पिते.

आणि पंप. पंप आणि इंजिन यांच्यामधे बेकेलाइटचं एक जाड पॅकिंग असतं, इंजिनाची गरमी पंपात उतरू नये म्हणून. आमच्या गाडीत ते नव्हतंच. कधीतरी कुणीतरी काढून साधं कागदी पॅकिंग लावलं होतं. कदाचित 1986 च्या आधीच, डॉक्टरांच्या काळात! चाचांनी जुन्या विजेच्या मीटरमागच्या हायलम बोर्डातून (तोही बेकेलाइटसारखाच) तुकडा कापला, कानसीनं जाडी जमवली, दोनदा लावून काढला. जाडी कमीजास्त झाली तर पंपाच्या दांड्याची चालच बदलते, म्हणून एवढा वेळ. मग तेलाच्या पिप्याचा पत्रा कापून पंपाच्या बाजूला आडोसा केला आणि नळी इंजिनापासून लांब फिरवली. या सगळ्याचे पैसे किती, विचारलं. "पत्रा तर तुमच्याच पिप्याचा व्हता."

गेल्या मे महिन्यात भर दुपारी दोन वाजता यवतमाळला जाऊन आलो, मुद्दाम. एकदाही थांबली नाही. सीटवर ओला दुपट्टा मात्र ठेवला होता, तो तसाच वाळून गेला.

आता तक्रारी, कारण त्याही बऱ्याच आहेत.

चाचांचा एक महिना म्हणजे चार महिने. मधे रोजे आले, भाचीचं लग्न आलं, स्वतःच्या दोन एकरांतला हरभरा आला. फोन उचलत नाहीत. बिल मिळत नाही. हिशेब भिंतीवर खडूनं असतो आणि पाऊस तिरपा आला की त्यातला अर्धा पुसतो (माझ्या फायद्याचा अर्धा पुसला, असं माझं मत आहे). वायरिंगमध्ये चाचा कच्चे आहेत, हे स्पष्ट सांगतो. डावा इंडिकेटर दिला की हॉर्न बारीक किंचाळतो. रंगकाम ते करत नाहीत, त्यामुळं गाडी अजून लालच आहे. आणि तुमची वस्तू तिथं ठेवली की ती सगळ्यांची होते. माझा जॅक तीन आठवडे एका सरपंचाच्या जीपखाली होता. जीप मात्र बघण्यासारखी. उंच बॉनेटची महिंद्रा, अमेरिकेच्या विलिस सीजे-3बी जीपच्या साच्यातली. आतलं इंजिन उंच, म्हणून बॉनेटही उंच. जॅकचा राग तिच्याकडं बघून जरा निवळला.

एकूण खर्च 41 हजार 500. त्यात मजुरी 16 हजार, बाकी पार्ट. पैसे नातवाच्या मोबाइलवर पाठवायचे.

पार्टचं आता अवघड होत चाललंय. मुंबईत काळी-पिवळी फियाट धावत होती तोवर कुर्ल्याच्या जुन्या बाजारात काय हवं ते मिळायचं. 30 ऑक्टोबर 2023 पासून त्या टॅक्सी रस्त्यावरून उतरल्या, शेवटच्या गाडीची वीस वर्षं भरली म्हणून. त्या दिवशी मी चाचांना बातमी दाखवली. वाटलं, हळवे होतील, कुर्ल्याचे दिवस आठवतील. ते म्हणाले, "आता कार्बोरेटर महाग होते पाहा." आणि दुसऱ्याच आठवड्यात कुणालातरी मुंबईला पाठवून तीन मागवून घेतले. दिल्लीच्या काश्मिरी गेटलाही अजून काही मिळतं. 5.20-14 चे टायर मात्र सांगून ठेवावे लागतात.

पेट्रोलबद्दल त्यांचा सल्ला फुकट मिळाला, तो इथं देतो. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही. नळ्या फुगतात, पंपाचा पडदा लवकर जातो. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, म्हणजे टाकी पुन्हा गंजायला मोकळी. म्हणून नळ्या सगळ्या बदलायच्या, एक पडदा जास्तीचा डिकीत ठेवायचा आणि पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करायची. आठवड्यातून एकदा चालवली तर यातलं निम्मं टळतं. "उभ्या बैलाले चारा, उभ्या गाडीले पैसा," असं चाचा म्हणतात. मी गाडी बारा वर्षं गोठ्यात ठेवली, हे त्यांना ठाऊक आहे आणि ते दर भेटीत काढतात.

कागदपत्रं चाचा बघत नाहीत. सरकारच्या हिशेबानं आमची गाडी अजून विंटेज नाही. 2021 च्या नियमात पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पार व्हावी लागतात, मग नंबरात "व्हीए" अक्षरं येतात. त्याचे 20 हजार लागतात आणि गाडी रोज चालवता येत नाही. आमच्या गाडीला ते 2028 ला लागू होईल. तोवर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण. त्याचे 600 चे 2022 च्या एप्रिलपासून 5000 झाले आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांना नंतर आणखी वाढले. विंटेजचा नंबर मी घेणार नाही. रोज चालवता येत नसेल तर तिला पुन्हा गोठ्यातच ठेवल्यासारखं होईल, आणि चाचांची बोलणी कोण खाणार?

जाणाऱ्यांसाठी: शुक्रवारी दुपारी जाऊ नका, नमाजनंतर चाचा चारशिवाय येत नाहीत. सकाळी आठला गेलात तर रस्त्यापलीकडच्या टपरीवर गरम आलूबोंडा मिळतो. चाचांसाठीही एक न्या, हिरवी मिरची जास्त घेऊन. नवी गाडी आणली असेल तर नेऊ नका, ते बॉनेट उघडून नुसते बघत राहतात आणि पुन्हा लावून टाकतात. आणि सुटे पार्ट स्वतः मोजून घरी आणा. माझा उजवा वायपर रबर बदलायला म्हणून काढला होता, तो अजून त्यांच्या टेबलावर चहाच्या ग्लासांजवळ पडलेला आहे. मृगाच्या आधी जाऊन आणायचाय.