‘चंदू चॅम्पियन’ पाण्यात उशिरा उतरतो

पोहायला शिकणाऱ्या पोरांना ‘चंदू चॅम्पियन’ दाखवायचा बेत असेल, तर आधीच सांगून ठेवा की तलाव बराच उशिरा येणार आहे. सिनेमा ज्यांच्यावर आहे त्या मुरलीकांत पेटकरांनी सुवर्णपदक पोहण्यात मिळवलं खरं, पण कबीर खानचा हा सिनेमा आधी कुस्तीत, मग बॉक्सिंगमध्ये, मग युद्धात आणि इस्पितळात रमतो. लांबी 2 तास 20 मिनिटांच्या थोडी वर. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या दर्यावर्दी पोराला ज्याची उत्सुकता असते, म्हणजे पाय चालत नसताना माणूस पोहतो कसा, त्याला सिनेमाने फारच थोडा वेळ दिलाय.

गोष्ट खरी आणि जबरदस्त आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा मुलगा. 1952 मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक मिळवून खाशाबा जाधव कराडला परतले, ते स्वागत बघून याच्याही डोक्यात पदक बसतं. पुढे सैन्यात ईएमईत (यंत्रं-वाहनं दुरुस्त करणारा विभाग) भरती, तिथे बॉक्सिंग. 1965 च्या युद्धात अंगात नऊ गोळ्या आणि कमरेखालचं अंग निकामी. पोहणं सुरू झालं ते व्यायामोपचार म्हणून, आणि 1972 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण, 37.33 सेकंदांच्या विश्वविक्रमासह. पॅरालिम्पिकमधलं भारताचं हे पहिलं वैयक्तिक सुवर्ण. पोरं इथे हटकून दोन घोटाळे करतात: हायडेलबर्गच्या जागी म्युनिक म्हणतात आणि पॅरालिम्पिकच्या जागी ऑलिंपिक. त्या वर्षीचं म्युनिक ऑलिंपिक ऑगस्टअखेर सुरू झालं. हायडेलबर्गच्या स्पर्धा त्याआधीच उरकल्या होत्या.

कार्तिक आर्यनने शरीरावर घेतलेली मेहनत नुसती पोस्टरपुरती नाही. बॉक्सरचे खांदे आणि नंतर चाकाच्या खुर्चीत बसलेला माणूस, दोन्ही पटतात. विजय राज मात्र सगळ्यांना खाऊन टाकतो. त्याचा कोच टायगर अली ओरडत नाही, हळू आवाजात टोचतो, आणि ज्यांनी चांगला कोच बघितलाय त्यांना तो लगेच ओळखू येईल. भुवन अरोराने केलेला सैन्यातला मित्र गरनैलही झकास. पोलीस ठाण्यातली चौकट, म्हणजे म्हातारा पेटकर अर्जुन पुरस्कार दिला नाही म्हणून थेट राष्ट्रपतींविरुद्ध तक्रार नोंदवायला येतो ती, विनोदासाठी ताणली आहे. तिथे निम्मी कात्री चालली असती. पण त्या चौकटीला आता वेगळंच वजन आलंय. पेटकरांना पद्मश्री 2018 मध्ये मिळाली होती. अर्जुन (जीवनगौरव) मिळाला तो जानेवारी 2025 मध्ये, सिनेमा येऊन गेल्यावर.

आता पाण्याकडे. क्रॉलमध्ये, म्हणजे फ्रीस्टाइलला सगळे पोहतात त्या प्रकारात, पुढे ओढण्याचं बहुतेक काम हातच करतात. पायांचं मोठं काम अंग आडवं ठेवणं आणि हात फिरताना कंबर डोलू न देणं. पाय निकामी झाले की ते नुसते थांबत नाहीत, खाली बुडतात. मग सपाट जाणारं अंग तिरकं होतं, छातीपासून पायापर्यंत सगळं पाणी अडवायला लागतं, आणि हात जेवढं ओढतात त्यातलं बरंचसं तिथेच जातं. शिवाय हात जरा मधल्या रेषेपलीकडे गेला की कंबर सापासारखी वळते आणि तिला सरळ करायला लाथ नसते. अशा अंगाने 50 मीटर 37.33 सेकंदांत म्हणजे सेकंदाला 1.34 मीटर. धडधाकट हौशी पोरालासुद्धा हे सहज जमत नाही.

हे सिनेमा सांगत नाही, म्हणून शेवटची शर्यत दाखवताना थांबवून तुम्ही सांगा. आपल्याकडची पोरं डोकं वर काढून पोहतात. खाडीत ते लागतंच. होडी, दोरी, जाळं दिसायला हवं. पण डोकं वर गेलं की कंबर खाली जाते, आणि ती चूक पोरं जोरात लाथा मारून झाकतात. पेटकरांना झाकायला लाथच नव्हती. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड, त्यामुळे मालवणच्या चिवला किनाऱ्याला अंग तरंगतं तसं तलावात तरंगत नाही, हेही सोबत येऊ द्या.

दाखवण्याची व्यवस्था. सिनेमा प्राइम व्हिडिओवर आहे. घरचं सदस्यत्व घरापुरतंच असतं. मंडळाच्या किंवा शाळेच्या सभागृहात लावायचा तर प्रदर्शनाची परवानगी वेगळी घ्यावी लागते. पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली लावू नका. सरीचा आवाज सुरू झाला की विजय राजचं एक वाक्य कळत नाही, आणि आवाज वाढवला तर युद्धात कान फुटतात. पर्याय नसेल तर सबटायटल लावा. वीज आणि रेंज दोन्हींचा भरवसा नसतो, म्हणून आदल्या रात्री डाउनलोड करून ठेवा. युद्धाचा भाग सलग एका शॉटचा भास देतो आणि लांबतो. दहा वर्षांखालची पोरं असतील तर तिथे पुढे ढकला, गोष्ट तुटत नाही. मध्यंतर इस्पितळाचा भाग सुरू होण्याआधी घ्या.

दुसऱ्या दिवशी तलावावर, छातीएवढ्या पाण्यात, हे करून घ्या. आधी नेहमीसारखे 4 वेळा 25 मीटर, मध्ये 30 सेकंद विश्रांती, प्रत्येक फेरीत हात किती वेळा मारले ते मोजायचं. मग मांड्यांमध्ये पुल बॉय (तरंगणारा फोमचा तुकडा) धरून तेवढंच. इथे पोरं खूश होतात, ‘सोपं आहे की’ म्हणतात, कारण फोमचा तुकडा पाय वर धरून ठेवतो. मग तो काढून घ्या आणि पाय ढिले सोडून 2 वेळा 25. बाराव्या-पंधराव्या मीटरला पाय खाली लोंबायला लागतात, मान वर येते, हात घाईघाईने पाणी थापटतात आणि मोजणी बिघडते. कुणी चोरून घोट्याने लाथ मारतं. ते काठावरून दिसतं, फेरी पुन्हा. बरं करायचं असेल तर तीनच गोष्टी सांगा: नजर तळाशी, हात खांद्याच्या रेषेत पाण्यात घालायचा, श्वासाला डोकं वळवायचं, उचलायचं नाही.

पाय दोरीने किंवा पंचाने बांधून हा प्रयोग करू नका. विहिरीत आणि खाडीत तर नाहीच: विहिरीला उभं राहायला तळ नसतो, आणि ओहोटीच्या ओढीत बिनलाथेचं पोर दहा मीटर सरकेपर्यंत काठावरच्याला कळत नाही. तलाव जवळ नसेल तर नुसता सिनेमा बघा.