मोठ्या मुलांना टॅक्स रिटर्नमध्ये डिपेंडंट (आपल्यावर अवलंबून) दाखवायचं असेल तर आयआरएसचं, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याचं, हे फुकट टूल बघाच
मुलगा 21 चा, कॉलेजात फुल टाइम, वर उन्हाळ्यात इंटर्नशिपचे 9,000 डॉलर कमावलेले, मग त्याला डिपेंडंट दाखवता येतं की नाही यावरून आमच्या घरात नुसता वाद, शेवटी आयआरएसच्या साइटवरचं इंटरॅक्टिव्ह टॅक्स असिस्टंट वापरलं आणि खरंच मस्त आहे. नाव, एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) काही मागत नाही, एकेक प्रश्न विचारत जातं. वर्षात निदान 5 महिने फुल टाइम शिकत होता का, वर्षअखेरीस वय 24 च्या आत आहे का, स्वतःचा निम्म्याहून जास्त खर्च तो स्वतः उचलतो का वगैरे. डॉर्मचे (कॉलेजच्या हॉस्टेलचे) महिने घरी राहिल्यासारखेच धरतात आणि स्कॉलरशिप त्याने उचललेल्या खर्चात मोजत नाहीत, हे फार कामाचं. आणि शिकणाऱ्या मुलाला कमाईची मर्यादा नाहीच!! शिक्षण संपवून घरी बसलेल्या मोठ्या मुलांना मात्र आहे, 2025 साठी कमाई 5,200 डॉलरपेक्षा कमी हवी आणि निम्म्याहून जास्त खर्च आईवडिलांचा हवा. अशा डिपेंडंटमागे क्रेडिट, म्हणजे टॅक्समध्ये थेट सूट, 500 डॉलरपर्यंत मिळतं. खर्चाची बेरीज मात्र आपली आपणच करायची, आयआरएसच्या पब्लिकेशन 501 या पुस्तिकेत तक्ता आहे तो भरा. आणि मुलगा स्वतःचं रिटर्न भरणार असेल तर 'मला दुसरं कोणी डिपेंडंट दाखवू शकतं' यावर त्याला टिक करायला लावा, नाहीतर तुमचं ई-फाइल अडकू शकतं.