व्हीलचेअर व्हॅन सेवा: गाडी उत्तम, खुर्ची नीट बांधली का ते तपासून घ्या

रॅम्प न घसरणारा, चालक वेळेवर; इथवर तक्रार नाही. खरी परीक्षा खुर्ची बांधताना होते. तोंड पुढे, ब्रेक लावलेले, पुढे दोन आणि मागे दोन पट्टे, हुक पक्क्या सांगाड्यालाच. इथे एक हुक फूटरेस्टला अडकवला होता. फूटरेस्ट सुटा होतो, जोराच्या ब्रेकला निसटेल. लगेच बदलायला लावा. माणसाचा पट्टा वेगळाच हवा, आर्मरेस्टच्या आतून, पोटावर नव्हे तर खाली कमरेच्या हाडावर.

बुकिंगलाच खुर्चीची रुंदी, एकूण वजन, जिन्याच्या पायऱ्या सांगा, नाहीतर एकटा चालक येतो आणि जिन्यातच अडतं. डायलिसिसनंतर सुटायची वेळ पुढेमागे होते, तेव्हा परतीची गाडी फोन केल्यावर येईल अशीच ठरवा. ती सोय इथे आहे, आणि चोख आहे.