वीम प्रो प्लस: चांगला स्ट्रीमर, पण जोडणीत घाई नको

घरात चांगला अँप्लिफायर आहे, स्पीकरची जोडी धडधाकट आहे, फक्त सीडी प्लेअर थकलाय आणि गाणी फोनवर येऊन बसली आहेत, अशा घरात आज नवीन काही घ्यायचं तर वीम प्रो प्लस घ्यावा. लिंकप्ले या अमेरिकी कंपनीचा हा स्ट्रीमर, म्हणजे नेटवरची गाणी अँप्लिफायरला पोचवणारा डबा, २०२३ साली आला. आत एकेएम कंपनीची एके४४९३एसईक्यू ही डॅक चिप (डिजिटल आकड्यांचा ध्वनीचा सिग्नल करणारी) आहे आणि साध्या वीम प्रोपेक्षा महत्त्वाचा फरक तोच. डबा जेमतेम १४ सेंटीमीटर लांबरुंद. पडदा नाही, समोर चार स्पर्शाची बटणं. आवाज स्वच्छ आहे, त्याबद्दल तक्रारीला जागा नाही. तरीही अनेक घरांत तो पहिल्या दिवशी कर्कश, गुरगुरणारा किंवा घुमणारा वाजतो. दोष बहुतेक वेळा डब्याचा नसतो, जोडणीचा असतो.

मागच्या बाजूला आरसीएच्या, म्हणजे गोल सॉकेटच्या, दोन जोड्या शेजारीशेजारी आहेत, लाइन इन आणि लाइन आउट. रॅकमागे हात घालून अंदाजाने वायर खोचली की हमखास लाइन इनमध्ये जाते आणि आवाजच येत नाही. टॉर्च घेऊन अक्षरं वाचून लाइन आउटमध्येच लावा. दुसरं टोक अँप्लिफायरच्या ऑक्स, सीडी, ट्यूनर किंवा टेप इनमध्ये. फोनोमध्ये कधीही नाही. फोनोचं सर्किट तबकडीच्या सुईकडून येणाऱ्या काही मिलिव्होल्टसाठी बनलेलं असतं, ते सिग्नल साधारण शंभर पट वाढवतं आणि वरून खर्ज उचलतं. तिथे २ व्होल्ट सोडले की फाटका, ढगाळ आवाज येतो आणि माणूस स्ट्रीमरला दोष देतो.

आता पातळी. लाइन आउटमधून पूर्ण आवाजाला २ व्होल्ट बाहेर पडतात, म्हणजे सीडी प्लेअरइतके. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच अँप्लिफायरना ऑक्सवर १५०–२०० मिलिव्होल्ट मिळाले की ते पूर्ण ताकदीला पोचतात. फरक साधारण २०–२२ डेसिबलचा. मग नॉब आठाच्या काट्यावर असतानाच घर दणाणतं आणि त्यापुढे फिरवायची सोयच उरत नाही. जुन्या नॉबचा सुरुवातीचा भाग सर्वांत वाईट असतो, डावी-उजवी बाजू तिथे सारखी चालत नाही, त्यामुळे गायक एका स्पीकरकडे सरकलेला वाटतो. यावर उपाय ॲपमध्येच आहे. लाइन आउटची कमाल पातळी २ वरून १ व्होल्टवर आणली की ६ डेसिबल कमी होतात. त्यानेही भागलं नाही तर आवाजाची मर्यादा घालून आणखी खाली या. नॉब दहा ते बाराच्या दरम्यान आला की समजायचं, पातळी जुळली.

नव्या इंटिग्रेटेड अँप्लिफायरला हे लागत नाही. तिथे स्ट्रीमरवर स्थिर आवाज निवडा आणि सगळं काम अँप्लिफायरच्या नॉबवर सोपवा. मग फोनचं आवाजाचं बटण दाबून काही होत नाही, तो बिघाड नव्हे. मात्र स्ट्रीमर थेट पॉवर अँप्लिफायरला जोडला असेल तर स्थिर आवाजाच्या पर्यायाला हातही लावू नका. मध्ये नॉबच नसल्यामुळे पूर्ण २ व्होल्ट एकदम आत जातात आणि ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधले बारीक स्वरांचे भाग, जळू शकतात. अशा जोडणीत काहीही वाजवण्याआधी कमाल मर्यादा ५० टक्क्यांवर ठेवा, मग हळूहळू वाढवा.

नेटवर्कच्या बाबतीत माझा आग्रह वायरचा आहे. २४ बिट १९२ किलोहर्ट्झचं स्टिरिओ संगीत न दाबता पाठवलं तरी सेकंदाला साधारण ९.२ मेगाबिट लागतात, सीडीच्या दर्जाला १.४. स्ट्रीमरचा इथरनेट १०० मेगाबिटचा आहे, म्हणजे जागा भरपूर. अडचण वेगाची नसते, मध्येच तुटण्याची असते. सोसायटीत प्रत्येक घरात राउटर असतो आणि २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यांची गर्दी होते. वायर नेणं शक्यच नसेल तर ५ गिगाहर्ट्झ वापरा आणि स्ट्रीमर लोखंडी रॅकच्या पोटात कोंबू नका. सेटअपच्या वेळी ॲपला डबा सापडत नसेल तर फोनचा व्हीपीएन बंद करा, लोकेशन आणि ब्लूटूथची परवानगी द्या, आणि फोन पाहुण्यांच्या वायफायवर नाही ना हे बघा. त्या नेटवर्कवर उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत. वीज टीव्हीच्या यूएसबीतून घेऊ नका. टीव्ही बंद झाला की स्ट्रीमरही झोपतो.

बाहेरचा डॅक आधीपासून असेल तर ऑप्टिकल आणि कोअ‍ॅक्सियल असे दोन मार्ग आहेत. घरात सेट-टॉप बॉक्सची केबल त्याच सिस्टीमला जोडलेली असेल आणि स्पीकरमधून सतत हम्म ऐकू येत असेल तर ऑप्टिकल घ्या. काचेतून किंवा प्लास्टिकमधून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे अर्थिंगचं वेटोळं (उपकरणं एकापेक्षा जास्त वाटांनी अर्थला जोडली गेल्याने हम्म आणणारं) स्ट्रीमरच्या बाजूने तरी तुटतं. पण पुष्कळ डॅक ऑप्टिकलवर ९६ किलोहर्ट्झच्या वर घेत नाहीत. काही अल्बम नीट वाजतात आणि काही अल्बमना नुसती शांतता, असं झालं की ॲपमध्ये त्या आउटपुटची कमाल मर्यादा ९६ करा. कोअ‍ॅक्सियलसाठी ७५ ओहमची केबल घ्या, महागडी नको. टीव्हीचा आवाज स्ट्रीमरच्या ऑप्टिकल इनमधून घ्यायचा असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये पीसीएम (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) निवडा. डॉल्बी त्याला उलगडता येत नाही.

आता खरं काम, खोलीचं. या डब्याचे पैसे इथे वसूल होतात. ॲपमध्ये दहा पट्ट्यांचा साधा इक्वलायझर आहे, पॅरामेट्रिक (कुठला स्वर, किती आणि किती रुंदीत बदलायचा हे आपण ठरवतो तो) आहे आणि फोनच्या माइकने खोली मोजून दुरुस्ती सुचवण्याची सोयही आहे.

१६ बाय १० फुटांचा हॉल धरा, फरशी टाइल्सची, भिंती उघड्या. १६ फूट म्हणजे ४.८८ मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्याला लांबीच्या दुपटीने भागलं की ३५ हर्ट्झ येतात, हा या लांबीत घुमणारा सर्वांत खालचा स्वर. त्याची दुप्पट ७० हर्ट्झ, तोही तसाच घुमतो. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्जाचा षड्ज ६९ हर्ट्झच्या आसपास असतो आणि डग्ग्याचा घुमारही याच परिसरात फिरतो. म्हणजे या हॉलला नेमका तोच स्वर आवडतो. विलंबित एकतालाचा ठेका लावा आणि फक्त ‘धिं’कडे लक्ष द्या. डग्ग्याची आस पुढच्या बोलावर सांडत असेल, ठेक्यातल्या रिकाम्या जागा भरून जात असतील, तर ते तबलजीचं नाही, खोलीचं आहे.

आधी सोफा बघा. बहुतेक घरांत तो मागच्या भिंतीला टेकलेला असतो, आणि भिंतीपाशी खर्ज सर्वाधिक साचतो. दीड-दोन फूट पुढे ओढला तरी घुमणं उतरतं. मात्र याच हॉलमध्ये भिंतीपासून चार फुटांवर ७० हर्ट्झ जवळजवळ गायब होतो. तिथे इक्वलायझरने तो स्वर वाढवून भरून येत नाही, कारण जितका वाढवाल तितकाच तो परावर्तित लाटेशी कटत जातो. अँप्लिफायर आणि वूफर मात्र उगाच दमतात.

मग मोजणी. पंखा बंद करा, नाहीतर माइक त्याचीच घरघर खर्ज म्हणून नोंदवतो. फोनचं कव्हर काढा, फोन बसल्यावर कान येतात त्या उंचीवर धरा, तीन वेळा मोजा. जो उंचवटा तिन्ही वेळा त्याच जागी दिसेल तोच खरा. फोनचे माइक अगदी खालच्या स्वरांना भरवशाचे नसतात, म्हणून दुरुस्तीची कक्षा ४० ते ३०० हर्ट्झ इतकीच ठेवा आणि वाढ ३ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. सगळ्या पट्ट्यावर दुरुस्ती लावली की गायकीतली चमक जाते, हे दर वेळी ऐकू येतं.

माझ्या मते हाताने लावलेला पॅरामेट्रिक जास्त चांगला. वरच्या हॉलसाठी सुरुवात अशी करा: ७० हर्ट्झ, उणे ५ डेसिबल, क्यू ४. क्यू ४ म्हणजे साधारण १७–१८ हर्ट्झ रुंदीचा पट्टा. आकडा मोठा तितका पट्टा अरुंद. क्यू १ ठेवला तर डग्ग्याबरोबर गायकाच्या छातीतला भरीवपणाही कापला जाईल. ठेका पुन्हा ऐका आणि एकेक डेसिबलने सोडत या. ‘धिं’ गोल राहून वेळेवर थांबला की हात काढा. कुठे वाढ केलीच असेल तर तितकीच प्री-गेन (इक्वलायझरआधीची एकूण पातळी) खाली आणा. ३ डेसिबल वाढ तर उणे ३. नाहीतर आधीच जोरात ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यांत तार सप्तकातले स्वर फुटतात.

काही उणिवा आहेत. पेनड्राइव्ह लावायला जागा नाही, त्यामुळे स्वतःचा फ्लॅकचा (दर्जा न घटवता दाबलेल्या फाइलींचा) साठा कॉम्प्युटर किंवा नॅसवरून (घरच्या नेटवर्कला जोडलेल्या डिस्कवरून) डीएलएनएने, म्हणजे घरच्या नेटवर्कवर गाणी पाठवण्याच्या पद्धतीने, द्यावा लागतो. पडदा नसल्यामुळे काय वाजतंय हे बघायला फोन हवाच. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी रिमोटवरची प्रीसेटची बटणं आधीच भरून ठेवा, एकावर रेडिओ, एकावर सकाळचे अभंग. ज्यांच्याकडे चांगला डॅक आहे त्यांनी जास्त पैसे मोजू नयेत. डिजिटल आउटपुटच वापरायचं असेल तर साधा वीम प्रो पुरतो, कारण प्लसमधली डॅक चिप तेव्हा वापरलीच जात नाही.