इमिग्रेशनजवळची झेरॉक्स (चियांग माई)

दुकानाला नाव असणारच, पण पाटी थाईत आहे आणि इथे राहणारे आम्ही सगळे 'इमिग्रेशनजवळची झेरॉक्स' एवढंच म्हणतो. थायलंडमधल्या चियांग माईच्या विमानतळाजवळ इमिग्रेशन ऑफिस आहे, तिथून चालत जाण्याइतकं जवळ. दोन मशिनं, फोटोसाठी पांढरा पडदा, स्टेपलर आणि काउंटरमागे साठीच्या एक बाई. त्यांना सगळे 'पी' म्हणतात, आपण ताई म्हणतो तसं. मी त्यांच्यासाठी 'लुंग', म्हणजे काका.

मी बँकेत शाखाधिकारी होतो. लोकांच्या कर्जप्रकरणांतल्या त्रुटी काढण्यात माझी हयात गेली. आमच्याकडे ऑडिटला येणाऱ्यांपैकी पींइतक्या बारीक नजरेचं कोणी मला आठवत नाही.

इथल्या मुक्कामाला निवृत्तीच्या कारणावर मिळणाऱ्या वर्षाच्या मुदतवाढीची अट ऐकायला सोपी आहे. वय 50 पूर्ण, आणि थाई बँकेत स्वतःच्या नावावर 8 लाख बाट, अर्जाच्या आधी किमान दोन महिने ठेवलेले. मंजुरीनंतर तीन महिने त्याला हात लावायचा नाही, पुढेही शिल्लक 4 लाखांच्या खाली जाऊ द्यायची नाही. दुसरी वाट म्हणजे दरमहा 65 हजार बाट उत्पन्न दाखवा. आपल्याकडच्या किती पेन्शनी तेवढ्या भरतात ते तुम्हीच बघा. सरकारी फी 1,900 बाट. इथवर सगळं कोणीही सांगेल. माणूस अडतो तो कागदांत.

पासपोर्टचं फोटोचं पान, व्हिसाचं पान, शेवटच्या प्रवेशाचा शिक्का, मागच्या मुदतवाढीचा शिक्का. टीएम 7 हा अर्ज, 4 बाय 6 सेंटिमीटरचा फोटो. बँकेचं ताजं पत्र, आणि त्याच दिवशी भरून घेतलेल्या पासबुकाच्या प्रती. भाडेकरार, घरमालकिणीच्या ओळखपत्राची प्रत, तुम्ही कुठे राहता याची वर्दी दिल्याची टीएम 30 ची पावती. ही वर्दी द्यायची जबाबदारी खरं तर घरमालकाची, पण पावती नसली की खोळंबतो भाडेकरू. प्रत्येक प्रतीवर सही, निळ्या शाईत. काळं पेन खिशातून काढलंत की पी न बोलता निळं पुढे करतात.

आणि घराचा नकाशा! हा मला फार आवडतो. पी विचारतात, कुठलं 'वाट', म्हणजे देऊळ, कुठलं सेव्हन-इलेव्हन दुकान, आणि देऊळ, दुकान, गल्ली असं दोन मिनिटांत रेखाटून देतात. मी एकदा फोनवरचा छापील नकाशा नेला होता. त्यांनी तो बाजूला ठेवून स्वतःचाच काढला.

आपल्या मंडळींनी एक गोष्ट खास सांभाळावी. पासपोर्टवर आपलं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात येतं. माझ्या पासबुकावर वडिलांचं नाव गळलं होतं. पींनी पासबुक पाहिलं, हसल्या आणि माझ्याकडे परत सरकवलं. इथे तोंडावर 'नाही' कोणी म्हणत नाही, त्यामुळे हसण्यातले फरक ओळखता आले पाहिजेत. हे हसू 'आधी बँकेत जाऊन या'चं होतं. मी गेलो, बँकेनं नाव दुरुस्त करून दिलं, दुपारी अर्ज आत गेला. आवाज चढवून इथे एकही काम पुढे सरकत नाही, उलट समोरचा माणूस आणखी नम्र होतो आणि आणखी हळू.

'8 लाख नसले तरी आम्ही सोय करतो' म्हणणारे एजंटही भेटतात. दुसऱ्याचे पैसे चार दिवस तुमच्या खात्यात दाखवायचे आणि काढून घ्यायचे, असा तो प्रकार. तीस-पस्तीस वर्षं खाती तपासलेला माणूस म्हणून सांगतो, या फंदात पडू नका. उद्या चौकशी झाली तर पासपोर्ट तुमचा आहे, एजंटचा नाही. पी असल्या भानगडीत नाहीत.

त्यांच्या आवाक्याबाहेरचंही काही आहे. बायकोचा अर्ज माझ्यावर अवलंबून म्हणून होतो, तिला वेगळे 8 लाख लागत नाहीत. पण आपला लग्नाचा दाखला साक्षांकित करून घेणं हा वेगळाच उद्योग आहे, त्यासाठी आपला दूतावास आणि थाई परराष्ट्र खातं गाठावं लागतं. पी तिथे फक्त झेरॉक्स काढतील.

तक्रारी म्हणाल तर दोन. कार्ड चालत नाही, रोख किंवा थाई बँकेचा क्यूआर. आणि प्लास्टिकचं फोल्डर नको म्हटलं तरी गळ्यात मारतात. दर मात्र वाजवी, फोटो अर्जाला चालेल असाच येतो. फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि जंगलं जळतात, हवेत धूर कोंडतो, तेव्हा काउंटरवर मास्कचा खोका असतो, फुकट. आम्ही त्या दिवसांत कोल्हापूरला पळतो. जाण्याआधी री-एंट्री परमिट, म्हणजे परत येण्याची परवानगी घ्यायची, एका वेळचं 1,000 बाट, अनेक वेळांचं 3,800. ते न घेता देशाबाहेर पडलात तर मुदतवाढ तिथेच संपली. फोटो काढताना पी प्रत्येकाला याची आठवण करतात.

बायकोला चातुर्मासात कांदा-लसूण चालत नाही. पींनीच तिला पिवळ्या झेंड्याची एक टपरी दाखवली. तिथल्या जेवणात मासळीचं पाणी, म्हणजे फिश सॉस नाही, कांदा-लसूणही नाही. इतकी वर्षं ती भाताबरोबर दही खाऊन दिवस काढत होती.

दर 90 दिवसांनी इमिग्रेशनला आपला पत्ता कळवायचा असतो, त्या हजेरीसाठी मात्र इथवर येऊ नका. ती फुकट असते आणि पहिली हजेरी प्रत्यक्ष दिली की पुढच्या ऑनलाइन देता येतात. मुदतीच्या 15 दिवस आधीपासून 7 दिवस नंतरपर्यंत सवड असते, चुकलात तर 2,000 बाट दंड.

सकाळी लवकर जा, 12 ते 1 ऑफिस जेवायला उठतं. अर्ध्या चड्डीत जाऊ नका. फॉर्मवर थाई वर्ष दिसलं तर दचकू नका, आपल्या इसवी सनात 543 मिळवायचे. आणि 13 ते 15 एप्रिलला सोंक्रान, म्हणजे पाणी उडवून साजरं होणारं थाई नववर्ष असतं, तेव्हा तर जाऊच नका. ऑफिस बंद असतं, आणि बादल्या घेऊन रस्त्यावर उभ्या असलेल्या पोरांना तुमच्या हातातल्या बँकेच्या पत्राशी काही देणंघेणं नसतं.