अल्जिनेट, अगार, झँथन: दहा महिने वापरल्यावर स्वयंपाकघरात काय टिकलं

मॉलिक्युलर गॅस्ट्रॉनॉमी, म्हणजे अशा पुड्यांनी पदार्थांचा पोत बदलणारा विज्ञानी स्वयंपाक, या नावाने मिळणाऱ्या सुरुवातीच्या संचात साधारणपणे सोडियम अल्जिनेट, कॅल्शियम लॅक्टेट, अगार-अगार, झँथन गम आणि सोया लेसिथिन एवढ्या पुड्या, एक ड्रॉपर आणि भोकांचा चमचा असतो. त्याला मिथाइल सेल्युलोज, आयोटा कॅराजिनन, सोडियम सायट्रेट आणि टॅपिओका माल्टोडेक्स्ट्रिन सुटे घेऊन जोडले. हा अनुभव या सगळ्यांचा आहे, आणि कोकम, दही, सोलकढी, आमरस, सार, चटणी अशा आपल्याच पदार्थांवर वापरून घेतलेला आहे. निकाल आधीच सांगतो. आत रस आणि वर पातळ साल अशा ज्या मोत्यांसाठी हा संच घेतला जातो, ते सणावारी होतात. आठवड्याला हात जातो तो रस दाट करणाऱ्या झँथन आणि जेली धरणाऱ्या अगारकडे.

संचात नसलेली, पण सगळ्यात आधी घ्यावी अशी वस्तू म्हणजे ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा, सोनाराकडे असतो तसा. दोनशे ग्रॅम चटणीला झँथन लागतं ०.३ ग्रॅम, आणि स्वयंपाकघरातला नेहमीचा काटा एक ग्रॅमच्या खाली मोजतच नाही. संचाबरोबरच्या पुस्तिकेत चमच्यांची मापं दिलेली असतात, ती सरळ बाजूला ठेवा. प्रत्येक पूड वेगळी फुलते, चमच्यात वेगळी दबते, आणि इथे ०.२ आणि ०.५ टक्के यांच्यात दाट रस आणि बुळबुळीत लगदा एवढा फरक पडतो. खालचे सगळे टक्के वजनाचे आहेत.

आता अल्जिनेट. तपकिरी समुद्री शेवाळातून निघणारा हा पदार्थ कॅल्शियम भेटताच जेल होतो, एवढ्या एका गुणावर सगळे मोती आणि गोळे उभे आहेत. खाद्य उद्योगाला ही युक्ती १९४० च्या दशकापासून ठाऊक होती. स्पेनमधल्या ‘एल बुल्ली’ या रेस्टॉरंटने २००३ मध्ये ती ताटात आणली आणि तिथून ती जगभर गेली.

सरळ पद्धतीत अल्जिनेट रसात जातं आणि कॅल्शियम पाण्यात. २५० ग्रॅम रसाला २ ग्रॅम अल्जिनेट, ५०० मिली पाण्याला ७ ते ८ ग्रॅम कॅल्शियम लॅक्टेट. ड्रॉपरने थेंब सोडायचे, मिनिटभरात गाळणीने उचलायचे, साध्या पाण्यात धुवायचे. कॅल्शियम क्लोराइड जास्त झटपट काम करतं, पण त्याची कडवट-खारट चव धुऊनही थोडी राहते, म्हणून घरी लॅक्टेटच बरं. या पद्धतीचा मोठा दोष असा की मोती बाहेर काढल्यावरही जेल होणं थांबत नाही. कॅल्शियम आत सरकत राहतं आणि दहा-पंधरा मिनिटांत मोती आतपर्यंत घट्ट होतो, दाताखाली फुटत नाही. म्हणून हे मोती पानं मांडताना करायचे, आदल्या दिवशी नाही.

कोकमावर ही पद्धत सपशेल पडते, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. रसाचा पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितका रस आंबट) साडेतीन-चारच्या खाली असला की अल्जिनेटचं अल्जिनिक आम्ल होतं. ते विरघळत नाही, दाट गुठळ्या धरतं, आणि ड्रॉपरमधून थेंबाऐवजी शेपट्या पडतात. कोकमाचं आगळ या रेषेच्या बरंच खाली असतं. सोडियम सायट्रेट घालून आंबटपणा उतरवता येतो, पण मग कोकमात राहिलं काय? आंबटपणाच तर त्याची चव आहे.

अशा रसांना उलट पद्धत लागू पडते. कॅल्शियम रसात, अल्जिनेट पाण्यात. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम अल्जिनेट हँड ब्लेंडरने दोन मिनिटं फिरवायचं आणि झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं. ब्लेंडरने भरलेली हवा निघून द्रव काचेसारखा स्वच्छ झाला पाहिजे, नाहीतर बुडबुडे सालीत अडकतात आणि गोळा तिथेच फुटतो. २०० ग्रॅम गोड केलेल्या कोकमाला ३ ते ४ ग्रॅम कॅल्शियम लॅक्टेट आणि ०.५ ग्रॅम झँथन. झँथन विसरलं तर पातळ रस अल्जिनेटच्या पाण्यात पसरतो आणि त्याची चकती होते. खात्रीचा मार्ग म्हणजे रस अर्धगोल सिलिकॉन साच्यात गोठवून, कोमट केलेल्या अल्जिनेटच्या पाण्यात सोडणं. बर्फ वितळता वितळता भोवती पातळ साल धरते. चार-पाच मिनिटांनी काढून धुवायचं. गोळे एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत, ओली साल लगेच जुळते. धुतल्यावर जेल होणं थांबतं, त्यामुळे हे गोळे त्याच चवीच्या रसात बुडवून काही तास राहतात.

दह्याचे गोळे याहून सोपे. घट्ट दह्यात कॅल्शियम मुळातच असतं, आंबटपणामुळे त्यातलं बरंच सुटं झालेलं असतं. तरी २०० ग्रॅमला २ ग्रॅम लॅक्टेट घातलं की साल भरवशाची येते. मीठ, साखर, जिरेपूड घालून गोल मापाच्या चमच्याने पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवून अलगद उलटायचं, तीन मिनिटं. वरून सोडलं तर शेपूट येतं.

अल्जिनेट बिघडण्याचं सगळ्यात दुर्लक्षित कारण पाणी. मुंबईला पुरवठा होणारं तलावांचं पाणी मऊ असतं, त्यात काम भागतं. बोअरचं जड पाणी घेतलं की त्यातलंच कॅल्शियम अल्जिनेटला आधी धरतं आणि गोळे सोडण्यापूर्वीच पाण्यात धागे-गुठळ्या दिसतात. आरओचं पाणी घ्या, आणि त्या यंत्रात मिनरल कार्ट्रिज असेल तर त्याच्या आधीचं घ्या. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर खाण्यासाठी नसतं, ते यात कधीही नको.

अगार म्हणजे आपला चायना ग्रास. पूड मात्र धाग्यांपेक्षा मोजायला आणि विरघळायला सोपी, आणि तिची ताकद पुडीगणिक बदलते. नवी पुडी उघडली की १०० मिली पाण्यात १ ग्रॅम उकळून ताटलीवर थंड करून पाहा, अंदाज येतो. अगार उकळावंच लागतं, नुसतं गरम करून भागत नाही. दोन मिनिटं खळखळून उकळी पाहिजे. ते ४० अंशांच्या आसपास धरतं आणि पुन्हा वितळतं मात्र ८५ च्या आसपास. या मोठ्या फरकामुळे गरम वाढता येणारी जेली होते, जी जिलेटिनला जमत नाही. शिवाय जिलेटिन प्राण्यांच्या कातडी-हाडांचं, आणि ताज्या अननसातलं एन्झाइम त्याचं पाणी करतं. अगारला ते काही करत नाही.

आंबट रसात अगार उकळू नये, आम्ल आणि उष्णता मिळून ते तुटतं आणि जेली लिबलिबीत राहते. पाण्यात वेगळं उकळून रसात मिसळावं. रस मात्र कोमट हवा. फ्रिजमधल्या आमरसात उकळतं अगार ओतलं की जिथल्या तिथे दोरे धरतात आणि ते पुन्हा मोडत नाहीत. ४०० ग्रॅम आमरस पन्नासेक अंशांपर्यंत गरम करायचा, १०० ग्रॅम पाण्यात ४ ग्रॅम अगार उकळून धारेने ओतत ढवळायचा, तासभर धरू द्यायचा, मग मिक्सरमध्ये अगदी गुळगुळीत होईपर्यंत फिरवून गाळायचा. याला फ्लुइड जेल म्हणतात. ताटलीत चमच्याने ठेवला तर ढीग राहतो, जिभेवर आला की वाहतो. पोत म्हणून विचाराल तर सगळ्या संचातली हीच गोष्ट आम्हाला सर्वात सुंदर वाटते.

अगारचा दुसरा उपयोग कमी लोक करतात आणि तो खरा कामाचा आहे: सार स्वच्छ करणं. एक लिटर गाळलेल्या टोमॅटोच्या रसाला फक्त २ ग्रॅम अगार. पाव भाग पाण्यात अगार उकळायचं, कोमट रसात मिसळायचं, भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून न हलवता धरू द्यायचं. जेली अगदी नाजूक हवी. मग रवीने हलकेच मोडायची, दह्याच्या कवड्यांसारखी, आणि ओल्या मलमलच्या फडक्यात बांधून टांगायची. गर अगारच्या जाळीत अडकतो, खाली पिवळसर, आरपार दिसणारं पाणी ठिबकतं आणि त्यात टोमॅटोची पूर्ण चव असते. फडकं पिळायचं नाही. घाईने पिळलं की अगारचे कण खाली येतात आणि थंड झाल्यावर सार पुन्हा गढुळतं. फोडणी वेगळ्या तेलात करून ते तेल थेंबाने वर सोडावं.

ज्यांना अल्जिनेटची सगळी यातायात नको, त्यांनी अगारचे मोती करावेत. उंच ग्लासात रिफाइंड सूर्यफूल तेल अर्धा-पाऊण तास फ्रीझरमध्ये गार करायचं, एक टक्का अगारचा गरम रस ड्रॉपरने थेंब-थेंब सोडायचा. खाली बसेपर्यंत तो गोल होऊन धरतो. तेल गाळून परत वापरता येतं, मोती धुऊन दोन दिवस राहतात. फुटून रस उडण्याची मजा यात नाही, पण कोकमाचं आंबटपण इथे आड येत नाही.

झँथनबद्दल थोडक्यात सांगणं अवघड आहे, कारण ते दिसत नाही आणि सगळीकडे उपयोगी पडतं. ‘झँथोमोनस कॅम्पेस्ट्रिस’ हा जिवाणू साखर आंबवून हा डिंक बनवतो. आम्ल, मीठ, थंड, गरम, कशातही चालतो. पुदिन्याच्या चटणीला ०.१५ टक्के घातला तर सँडविचमध्ये पाणी सुटत नाही. सोलकढीला लिटरमागे ०.८ ग्रॅम घातला की नारळाच्या दुधाची साय वर येण्याचं प्रमाण खूप कमी होतं, काही तास एकसंध राहते. मात्र आंबटपणाने दूध फाटलं असेल, तर ते झँथन जोडून देत नाही. त्यासाठी कोकम गार झाल्यावरच घालणं हाच उपाय. पूड थेट पाण्यावर टाकली की वरून जेल आणि आत कोरडी अशी माशाच्या डोळ्यांसारखी गुठळी होते. दहापट साखरेत किंवा थोड्या तेलात कालवून, चालू ब्लेंडरच्या भोवऱ्यात सोडा. ०.५ टक्क्याच्या वर गेलात की भेंडीसारखी तार सुटते. तिथून परतीचा मार्ग नाही, फक्त रस वाढवायचा. ०.१ टक्क्याने शंभर ग्रॅमची पुडी शंभर लिटरला पुरते, हे लक्षात घेऊन लहानच घ्या.

लेसिथिनचा फेस दिसायला छान आणि पाच-सात मिनिटांत संपणारा. पातळ, तेलविरहित रसाला ०.५ टक्के, ब्लेंडर तिरका धरून पृष्ठभागावर हवा ओढायची. नारळाच्या दुधातली चरबी फेस मोडते, म्हणून सोलकढीवर नाही, साध्या कोकमाच्या सारावर करा.

आयोटा कॅराजिननने अनपेक्षित आनंद दिला. अर्धा लिटर गोड दुधात १.५ ग्रॅम थंड असतानाच मिसळून ८० अंशांपर्यंत तापवलं, वेलची-केशर घालून थंड केलं, की मऊ, हलणारी वडी धरते. चिकाच्या खरवसाची चव त्याला नाही, चीक प्रथिनांमुळे धरतो, हा डिंकामुळे. पण चायना ग्रास घालून करतात त्या नकली खरवसाच्या करकरीत चिऱ्यापेक्षा हा तोंडात फार जवळचा लागतो, आणि पाणीही कमी सुटतं.

मिथाइल सेल्युलोज उलट वागतं: गरम झालं की घट्ट, गार झालं की पातळ. बटाटा-अंड्याशिवाय बीटाच्या कटलेट बांधायला उत्तम. ३ ग्रॅम पूड १५ ग्रॅम तेलात कालवायची, ४० ग्रॅम बर्फाचं पाणी घालून फेटायची, २०० ग्रॅम सारणात मळून तासभर फ्रिजमध्ये. तव्यावर घट्ट धरते. गरमच खावी, गार झाल्यावर ती पुन्हा सैल पडते. ही पूड बांधकामाच्या आणि वॉलपेपरच्या कामातही वापरतात, तेव्हा पाकिटावर आयएनएस ४६१ (खाण्याच्या मिथाइल सेल्युलोजचा क्रमांक) आणि चौदा आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांक नसेल तर घेऊ नका.

सोडियम सायट्रेट २५० मिली दुधात १० ग्रॅम, मग २८० ग्रॅम किसलेलं चेडार मंद आचेवर. तूप न सुटता रेशमी सॉस होतो. प्रोसेस्ड चीज घ्याल तर हा खटाटोप नको, तसले क्षार त्यात आधीच असतात.

माल्टोडेक्स्ट्रिनवर सर्वाधिक पैसे वाया जातात. तुपाची किंवा लसणाच्या तेलाची पूड करायला टॅपिओकाचं, हलकं, फुललेलं माल्टोडेक्स्ट्रिन लागतं: ६० ग्रॅमला ४० ग्रॅम पातळ, पण गरम नसलेलं तूप. व्यायामाच्या दुकानातलं माल्टोडेक्स्ट्रिन नावाने तेच, पण त्यात तुपाचा चिखल होतो. बरोबर झालेली पूड पुरणपोळीवर भुरभुरली की जिभेवर परत तूप होते. गरम पोळीवर टाकू नका, तिथेच वितळते. आणि पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, उघडी राहिलेली पुडी एका दिवसात दगड होते. काचेच्या घट्ट बरणीत, पांढऱ्या दाण्यांच्या खाद्य दर्जाच्या सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. निळ्या दाण्यांच्या सिलिका जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ते खाण्याच्या वस्तूंजवळ नको.