मुक्कामाची बोट की रोजची बोट? डायव्हिंगला निघालेल्या खान्देशकरांसाठी

यावलच्या भाच्याचा परवा फोन आला. "मावशी, स्कूबाचा कोर्स झाला की थेट मालदीवच्या बोटीवर आठ दिवस जाऊ, की अंदमानला राहून रोज डायव्ह करू?" केळीचे पैसे हातात आले आहेत, आणि पोरगा विहिरीत पोहून तयार झालेला. स्कूबा म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली जाणं, आणि अशी एकेक फेरी म्हणजे डायव्ह. मी दोन्ही केलं आहे, म्हणून त्याला सांगितलं तेच इथे लिहिते.

मालदीवची बोट म्हणजे पाण्यावरचं लॉज. जेवण-झोप तिथेच. सोबत धोणी नावाची दुसरी बोट चालते, तिच्यावर सिलिंडर आणि हवा भरायचा कॉम्प्रेसर. दिवसाला साधारण तीन डायव्ह होतात. अंदमानात हॅवलॉक बेटावर, म्हणजे आताच्या स्वराजद्वीपला, मुक्काम हॉटेलात. सकाळी बोटीने जायचं, बहुतेक वेळा दोन डायव्ह करून दुपारी जेवायला परत.

बोटीवरची सकाळ अशी असते. उजाडायच्या आत घंटा होते. डोळे चोळत फळ्यासमोर बसायचं. गाईड दोन प्रवाळकड्यांमधली खिंड काढतो आणि बाणाने प्रवाहाची दिशा दाखवतो. भरती-ओहोटीचं पाणी या खिंडीतून जोरात जातं आणि तिच्या तोंडाशी शार्क जमतात. त्यासाठीच तर सगळे आलेले असतात. मग सगळे एकदम उडी मारतात आणि वर न रेंगाळता खाली जातात. तिथे मास्क नीट करत बसलात तर प्रवाह तुम्हाला खिंडीपासून दूर नेतो. म्हणून बऱ्याच बोटी अ‍ॅडव्हान्स्ड सर्टिफिकेट आणि आधीच्या डायव्हची नोंदवही मागतात. ओपन वॉटर या पहिल्या कोर्सची खोलीची मर्यादा 18 मीटर आहे, त्यापुढच्या अ‍ॅडव्हान्स्डची 30.

आता विहिरीचं. आबांनी मला पाठीला डबा बांधून विहिरीत सोडलं होतं, त्यामुळे पाण्याची भीती कधी वाटली नाही. पण विहिरीने एक सवय लावली, श्वास धरून तळाचा दगड आणायची. स्कूबाचा पहिला नियम नेमका उलटा आहे: श्वास कधीच धरायचा नाही. 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीत भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते, आणि श्वास धरलेला असेल तर फुप्फुस फाटू शकतं. डोक्याला हे पाच मिनिटांत कळतं. घाबरल्यावर शरीराला आठवायला मात्र वीस-पंचवीस डायव्ह लागतात, निदान मला लागले. ते डायव्ह शांत पाण्यात, तुमच्यावरच लक्ष ठेवणाऱ्या इन्स्ट्रक्टरसोबत व्हावेत. त्यासाठी हॅवलॉक बरं.

दुसरी गोष्ट कानाची. पहिल्या बोटीवर दुसऱ्याच दिवशी मला सर्दी झाली, आणि खाली जाताना दाबाने बसणारा कान सर्दीत मोकळा होत नाही. जोर करून खाली गेलं तर कानाच्या पडद्याला इजा होते. बाकीचे मँटा रे हा मोठा पंखांसारखा चपटा मासा बघून हसत वर येत होते आणि मी चार दिवस डेकवर टॉवेल वाळत घालत होते. एका माणसासाठी बोट परत फिरत नाही, पैसेही परत मिळत नाहीत. हॅवलॉकला असते तर राधानगर किनाऱ्यावर फिरले असते आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पाण्यात उतरले असते.

घरचं माणूस डायव्ह करत नसेल तरी हाच विचार करा. यांना बोटीवर नेलं तर आठ दिवस ते काय करतील?

पैशाचं थोडक्यात. बोटीचा आकडा ऐकताना मोठा वाटतो, पण त्यात जेवण, खोली, डायव्ह सगळं येतं. वरून मालदीवचा पर्यटकांवरचा ग्रीन टॅक्स, साहित्याचं भाडं आणि टिप. दिवसाला तीन डायव्ह खरंच करणार असाल तर दर डायव्हचा हिशोब तितका महाग पडत नाही. दोनच झेपणार असतील तर पैसे पाण्यात. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा, कारण तिथे ताटात टूना रोजचाच. मी शेंगदाण्याची चटणी नेते.

कापूस वेचणी उरकली की जानेवारी-फेब्रुवारीत निघा, तेव्हा दोन्हीकडे समुद्र शांत असतो. अजून एकदाही पाण्याखाली गेला नसाल तर आधी मालवण. मंगला एक्सप्रेस भुसावळ-जळगावहून थेट कोकण रेल्वेवर जाते. तिथलं पाणी गढूळ असतं, पण तोंडाने श्वास घेणं जमतं का, ते कळतं.

परतीचं विमान शेवटच्या डायव्हनंतर किमान 18 तासांनी ठेवा, कारण अंगात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. बोटवाले हे सांभाळतात. हॅवलॉकला तिकीट आपणच काढतो, तिथे घाईत हे राहून जातं.

भाच्याने फेब्रुवारीची अंदमानची तिकिटं काढली आहेत. या आठवड्यात जळगावला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे दाखवून येतो म्हणालाय. बोटीचं पुढच्या वर्षी, नोंदवही भरली की बघू.